हवेतला कार्बन खरोखर काढला, असं कधी म्हणायचं?

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात कार्बनचं नाव आता शेताच्या बांधापर्यंत पोचलंय. सौर पंप बसवला की कार्बन वाचतो, इथेनॉलमुळे कार्बन कमी होतो, झाडं लावली की कार्बन शोषला जातो, उसाचं पाचट (वाळलेला पाला) न पेटवता कुजवलं की कार्बन जमिनीत जातो, असं सगळं एका दमात सांगितलं जातं. कार्बन क्रेडिटचे, म्हणजे वाचवलेल्या किंवा काढलेल्या कार्बनच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्राचे, पैसे मिळवून देतो म्हणणारेही भेटतात. यातल्या काही कामांनी हवेतला कार्बन डायऑक्साइड खरोखर कमी होतो. काहींनी नवा कार्बन हवेत जायचा थांबतो. आणि काहींत तो नुसता एक फेरा मारून परत हवेतच जातो. या तिन्ही गोष्टींची किंमत वेगळी आहे, म्हणून त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

आधी हवेची स्थिती. कारखानदारीचं युग सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत साधारण २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथं १९५८ साली नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या पुढे गेलाय. कोळसा, तेल आणि वायू जाळून जग दरवर्षी सुमारे ३७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं. एकदा हवेत गेलेल्या या वायूचा मोठा हिस्सा शेकडो वर्षं तिथंच राहतो. त्यामुळे उद्या सगळी धुराडी थंड झाली तरी आधी साठलेला कार्बन लगेच कमी होणार नाही. तो काढायचा प्रश्न इथून सुरू होतो.

हवामान बदलावर सगळ्या जगासाठी अहवाल तयार करणाऱ्या आयपीसीसी या मंडळानं कार्बन काढण्याची व्याख्या करून ठेवली आहे. तिचा मथितार्थ असा: माणसानं मुद्दाम काहीतरी करून हवेतला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढायचा आणि तो जमिनीखाली, मातीत, झाडाझुडपांत, समुद्रात किंवा टिकाऊ वस्तूंत दीर्घकाळ साठवून ठेवायचा. यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. ‘मुद्दाम’ म्हणजे निसर्ग आपणहून जे शोषतो ते आपल्या खात्यावर घ्यायचं नाही. ‘हवेतला’ म्हणजे कोळशाच्या धुराड्यातून बाहेर पडायच्या बेतात असलेला वायू यात बसत नाही. आणि ‘दीर्घकाळ’ म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत नव्हे. याला अजून एक अट जोडावी लागते. हे सगळं करताना जे डिझेल, वीज आणि खत खर्च झालं, त्याचा कार्बन वजा करूनही काहीतरी शिल्लक उरलं पाहिजे.

या अटी लावल्या की बऱ्याच गोष्टींचा निकाल लगेच लागतो. सौर पंप चांगला आहे, तो जरूर बसवावा. पण त्यानं हवेतला एक कणही काढला जात नाही. डिझेल किंवा कोळशाची वीज वाचते, म्हणजे नवी भर थांबते. चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यावर यंत्र बसवून वायू पकडला आणि जमिनीत पुरला, तरी तेही काढणं होत नाही. तो कार्बन मुळात जमिनीखालच्या कोळशातला होता, तो परत जमिनीखाली गेला. हवेतली पातळी होती तिथंच राहिली.

इथेनॉलचं प्रकरण जास्त गमतीचं आहे, आणि आपल्या भागात ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ऊस वाढताना हवेतून कार्बन घेतो. त्याची साखर होते. डिस्टिलरीच्या टाक्यांत यीस्ट ती साखर खातं, तेव्हा साखरेतला दोन तृतीयांश कार्बन इथेनॉलमध्ये जातो आणि एक तृतीयांश कार्बन डायऑक्साइड होऊन बुडबुड्यांतून निघून जातो. एक लिटर इथेनॉलमागे हा वायू भरतो सुमारे पाऊण किलो. तो अगदी शुद्ध असतो, धुराड्यातल्या वायूसारखा वेगळा करत बसावा लागत नाही. हवेत सोडून दिला तर उसानं हवेतून घेतलेलं हवेला परत गेलं. पकडून शीतपेयाच्या कंपनीला विकला तरी बाटलीचं झाकण उघडेपर्यंतच तो हवेबाहेर राहतो. पण तोच वायू खोल खडकात कायमचा पुरला, तर उसामार्फत हवेतला कार्बन काढला असं म्हणता येतं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डेकेटर इथं मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यानं हे करून दाखवलं. २०११ ते २०१४ या काळात तिथं सुमारे १० लाख टन वायू दोन किलोमीटर खोलीवरच्या वालुकाश्मात सोडला गेला. टाकी तीच, यीस्ट तेच आणि वायूही तोच. तो शेवटी कुठं जाऊन थांबतो यावर सगळं ठरतं.

झाडांबद्दल सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. आज जगात माणसाच्या प्रयत्नानं जेवढा कार्बन काढला जातो, त्यातला जवळजवळ सगळा जंगल लावण्यातून आणि राखण्यातूनच निघतो. सागरेश्वरचं अभयारण्य हे आपलं घरचं उदाहरण आहे. उघड्या पडलेल्या डोंगरांवर वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्या सोबत्यांनी माणसाच्या हातानं जंगल उभं केलं, आणि १९८५ साली सुमारे ११ चौरस किलोमीटरच्या या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथल्या लाकडात आणि मातीत जो कार्बन आहे तो पूर्वी हवेत होता, यात शंका नाही. फक्त जंगल वयात आलं की त्याची शोषण्याची गती मंदावते, आणि एखाद्या उन्हाळ्यात वणवा लागला तर साठलेलं काही तासांत परत जातं. त्यामुळे जंगल राखणं हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम ठरतं. शिवाय सगळीकडे झाडं लावणं बरोबरही नाही. कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर आहे, त्या थरावरच ती सगळी रानफुलं जगतात. तिथं कार्बनच्या नावाखाली खड्डे खणले तर २०१२ साली जागतिक वारसा म्हणून ज्याची नोंद झाली ते पठारच हातचं जाईल. माळरान म्हणजे रिकामी जागा असं समजून होणाऱ्या वृक्षारोपणाला माझा स्पष्ट विरोध आहे.

आता पाचटाकडे येऊ, कारण ऊसपट्ट्यात सगळ्यांत जास्त गैरसमज इथं आहेत.

तोडणी झाली की हेक्टरी ८ ते १० टन पाचट रानात पडतं. ते पेटवलं की तासाभरात रान काळं होतं, आसपासच्या घरांच्या पत्र्यांवर काजळीच्या काड्या येऊन पडतात, आणि उसानं वर्षभर पानांत साठवलेला कार्बन हवेत परत जातो. पेटवू नका, कुजवा, हे कृषी विभाग किती वर्षांपासून सांगतोय, आणि ते अगदी योग्य आहे. खोडव्याला ओल टिकते, माती भुसभुशीत होते, गांडुळं वाढतात. माझे मामा वाळवा तालुक्यात ऊस करतात. त्यांनी एकदा विचारलं, “आरं, पाचाट कुजवलं तर कार्बन रानातच ऱ्हातोय की. मग ते काढल्यात धरत का न्हाईत?”

“थोडा राहतो, मामा. बाकीचा जिवाणू खातात आणि श्वासावाटे हवेत सोडतात. दोन-तीन वर्षांत बराचसा जातो.”

“मग आम्ही करतोय त्ये वायाच म्हणायचं?”

वाया अजिबात नाही. जमिनीसाठी ते सोन्याहून पिवळं आहे. पण कार्बन काढण्याच्या व्याख्येत त्याचा हिस्सा लहान भरतो, आणि तोही शेतकरी दरवर्षी तेच करत राहिला तर.

पाचटातला कार्बन टिकवायचा तर त्याचं रूप बदलावं लागतं. हवा कोंडून, साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत पाचट तापवलं की त्यातला वायू आणि वाफ निघून जाते आणि मागे कोळसा उरतो. जिवाणूंना हा कोळसा सहजी खाता येत नाही. यालाच बायोचार म्हणतात. शेतात हे खड्ड्याच्या भट्टीतही करता येतं. वर रुंद आणि खाली निमुळता असा खड्डा घ्यायचा, तळाशी जाळ करायचा आणि वरून पाचटाचे पातळ थर टाकत जायचं. वरचा जाळ प्राणवायू खाऊन टाकतो, त्यामुळे खालचं जळून राख होत नाही. वरच्या थरावर राखेचा पांढुरका थर दिसू लागला की पुढचा थर द्यायची वेळ झाली. शेवटी भरपूर पाणी मारून विझवायचं. नीट झालेला कोळसा हातात हलका लागतो, बोटांत चुरडला की भुकटी होते, आणि हात साध्या पाण्यानं धुतले जातात. हातावर चिकट, तेलकट थर राहिला तर भट्टी कमी तापली असं समजावं. असा अर्धकच्चा माल मातीत कमी टिकतो. प्रयोगशाळेत याचीच तपासणी हायड्रोजन आणि कार्बनच्या प्रमाणावरून करतात. कार्बनच्या अणूंच्या तुलनेत हायड्रोजनचे अणू ०.७ पटीपेक्षा कमी असले तर तो बायोचार टिकाऊ समजतात.

हिशेब असा बसतो. एक टन वाळलेल्या पाचटापासून पाव टनाच्या थोडं वर-खाली बायोचार निघतो. त्यात साठ टक्क्यांच्या आसपास कार्बन धरला, आणि एक किलो कार्बन म्हणजे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड हे प्रमाण लावलं, तर टनभर पाचटामागे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर राहतो. मात्र भट्टी धुरकट चालली तर मिथेन बाहेर पडतो. तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पटींनी जास्त उष्णता धरतो, आणि मग कमावलेलं तिथंच गमावलं जातं. म्हणून ज्वाळ दिसली पाहिजे, धूर दिसता कामा नये.

फलटणला हे ज्ञान नवीन नाही. डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची भट्टी तयार केली आणि त्या कामाला २००२ साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कोळशाच्या कांड्या चुलीसाठी होत्या. घरातला धूर कमी व्हावा, लाकूड वाचावं, हा हेतू होता आणि तो मोलाचा होता. व्याख्येच्या दृष्टीनं मात्र पाहा: तो कोळसा चुलीत गेला की इंधन, कार्बन परत हवेत. तोच कोळसा शेणखतात मुरवून सरीत टाकला की हवेतून काढलेला कार्बन. भट्टीत काहीच फरक नाही, फरक पुढच्या वापरात आहे.

आपल्याकडे यात एक सांभाळायची गोष्ट आहे. बायोचार स्वतः अल्कधर्मी असतो. वाळवा, पलूस, मिरज भागात कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनींचा सामू (पीएच) आधीच चढलेला आहे. तिथं माती तपासल्याशिवाय ट्रॉलीभर कोळसा पसरू नये. आणि सगळंच पाचट भट्टीत घातलं तर आच्छादनाला काय राहणार? काही सरींतलं पाचट कुजवायला ठेवून उरलेल्याचा कोळसा करणं मला पटतं.

दुसरी मोठी गोष्ट आपल्या पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. या काळ्या पाषाणात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडकाला हळूहळू विरघळवतं. या क्रियेत कार्बन डायऑक्साइडचं बायकार्बोनेट होतं. ते ओढ्यातून कृष्णेत, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं आणि हजारो वर्षं समुद्राच्या पाण्यात राहतं. पसरणी घाटात रस्त्यासाठी कापलेल्या दरडीजवळ कधी थांबलात तर हे काम डोळ्यांनी दिसेल. गोल धोंड्यांचे तांबूस पापुद्रे सुटलेले असतात, नखानं खरवडले तर माती होते, आणि आत अजून घट्ट काळा गाभा असतो.

निसर्गाची ही गती फार संथ आहे. खडक दळून बारीक भुकटी केली की पाण्याला भिडणारा पृष्ठभाग प्रचंड वाढतो आणि तेच काम वर्षा-दशकांत होऊ लागतं. ही भुकटी शेतात पसरायची, याला वेगवान झीज म्हणू. भारतातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या भातशेतीत हेच काम करणाऱ्या माती कार्बन या कंपनीला एप्रिल २०२५ मध्ये कार्बन काढण्यासाठीच्या एक्सप्राइझ स्पर्धेत ५ कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. साताऱ्यात तर खडी क्रशरवर अशी भुकटी आधीच पडलेली असते.

तरी लगेच ट्रॉली भरायला निघू नये. एक टन बेसाल्ट पूर्ण विरघळला तरी जास्तीत जास्त पाव ते एक तृतीयांश टन कार्बन डायऑक्साइड बांधला जातो, आणि पहिल्या काही वर्षांत त्यातला लहानसा भागच विरघळतो. दहा टनांच्या गाडीनं वाहतुकीत ३० लिटर डिझेल खाल्लं तर ८० किलो कार्बन डायऑक्साइड तिथंच खर्च पडला. दळायची वीज वेगळी. म्हणजे क्रशर जवळ हवा आणि भुकटी खडी फोडण्याचं उपउत्पादन हवी.

जागाही महत्त्वाची. उष्णता, भरपूर पाऊस आणि आम्लधर्मी माती असेल तिथं खडक लवकर विरघळतो. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या तांबड्या मातीची भातखाचरं याला सोयीची आहेत. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीचा सामू आठच्या आसपास, तिथं गती मंदावते. जत-आटपाडीसारख्या कोरड्या भागात आणखी एक अडचण येते. पाणी खाली वाहून जात नाही, ते सुकतं, आणि बायकार्बोनेटची मातीतच चुनखडी होते. ही क्रिया होताना बांधलेल्या कार्बनपैकी निम्मा परत हवेत जातो. शिवाय युरिया आणि अमोनियमयुक्त खतांमुळे मातीत नायट्रिक आम्ल तयार होतं. त्या आम्लानं खडक विरघळवला तर खडक संपतो, पण कार्बन डायऑक्साइड बांधलाच जात नाही. नुसती किती भुकटी टाकली हे मोजून किती कार्बन काढला हे सांगणारा माणूस म्हणूनच विश्वासाचा नाही.

थेट हवेतून वायू ओढणारी यंत्रंही आहेत. हवेत साधारण २४०० रेणूंमागे एक रेणू कार्बन डायऑक्साइडचा, कोळशाच्या धुराड्यात आठ-दहामागे एक. पोतंभर ज्वारीतून मोजके खडे वेचण्यासारखं हे काम आहे: सगळं पोतं हातांखालून घालावं लागतं. मोठे पंखे हवा खेचतात, रसायन वायू धरून ठेवतं आणि मग तापवून तो सोडवावा लागतो. यात ऊर्जा फार जाते, म्हणून टनाचा खर्च शेकडो डॉलर येतो. आइसलँडमध्ये क्लाइमवर्क्स कंपनीनं २०२१ साली ओर्का नावाचं संयंत्र सुरू केलं, त्याची कागदावरची क्षमता वर्षाला ४००० टन. सरासरी भारतीय माणूस वर्षाला साधारण दोन टन सोडतो, म्हणजे हे दोन हजार माणसांचं झालं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या तिच्याच मॅमथ या संयंत्राची क्षमता ३६ हजार टन सांगितली जाते.

त्या यंत्रांपेक्षा मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. तिथं पकडलेला वायू पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडतात, आणि तो तिथं दगड होतो. तिथल्याच कार्बफिक्स या प्रकल्पात २०१२ साली सोडलेल्या वायूपैकी ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत खनिजात बदलल्याचं २०१६ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे विहीर खणताना काळ्या पाषाणाखाली मांजऱ्या नावाचा भोकाभोकांचा दगड लागतो, त्याच्या भोकांत पांढरी खनिजं भरलेली असतात. त्यांतल्या काहींवर शाळेच्या प्रयोगशाळेतलं विरल आम्ल टाकलं की फसफसतं. ते कॅल्साइट आहे, त्यात कार्बन डायऑक्साइड लाखो वर्षं दगड होऊन बसलेला आहे.

मग दख्खनच्या बेसाल्टमध्ये कार्बन पुरावा का? खडक योग्य जातीचा आहे, पण अडचणी खऱ्या आहेत. कार्बफिक्सच्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागतं. आणि कोयनेचा भूकंप इथली माणसं विसरलेली नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या त्या पहाटेनंतर धरणाच्या पाण्याचा आणि भूकंपांचा संबंध जगभर अभ्यासला गेला. कराडजवळच्या भूविज्ञान प्रयोगशाळेनं पाटण तालुक्यात गोठणे इथं तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतलं आहे. त्यात बेसाल्ट सुमारे सव्वा किलोमीटर जाड आणि त्याखाली ग्रॅनाइटसारखा जुना खडक मिळाला. जमिनीखालच्या भेगांत पाण्याचा दाब बदलला की काय होऊ शकतं, हे शोधणारी माणसं इथंच आहेत. दाबानं काहीही खाली सोडायचं तर कोयना-वारणेचा पट्टा सोडून, आणि त्यांचा शब्द घेऊनच.

समुद्रात लोह टाकून शेवाळ वाढवण्याचा प्रयोग भारत आणि जर्मनीनं २००९ साली दक्षिण महासागरात केला, त्याचं नाव लोहाफेक्स. शेवाळ वाढलं, पण बारीक प्राण्यांनी ते खाल्लं आणि तळाशी फारच थोडा कार्बन गेला. तो मार्ग तूर्त बाजूला ठेवलेला बरा.

या सगळ्याचं आजचं माप लक्षात ठेवायला हवं. जगात माणूस वर्षाला सुमारे २२० कोटी टन कार्बन डायऑक्साइड काढतो, त्यात बायोचार, खडकाची भुकटी, पुरलेला इथेनॉलचा वायू, यंत्रं मिळून वाटा जेमतेम १३ लाख टनांचा आहे. आणि आपण सोडतो ३७०० कोटी टन. त्यामुळे काढण्याच्या आशेवर कोळसा जाळत राहायला परवानगी मागणाऱ्यांचं ऐकू नये. सोडणं झपाट्यानं कमी करायचं आणि जे कशानंच थांबत नाही तेवढ्यासाठी काढणं वापरायचं, हाच क्रम चालेल.

तुमच्या शेतावर कुणी असा करार घेऊन आलं, तर कार्बन कुठून येणार, कुठं राहणार, किती वर्षं राहणार आणि वाहतूक-भट्टीचा खर्च कुणी वजा केला, हे मराठीत लिहून मागा. क्रेडिट कुणाच्या नावावर निघणार आणि जमीन विकली किंवा वाटणी झाली तर कराराचं काय, हेही त्यात हवं. भुकटीचं काम असेल तर पहिली ट्रॉली रिकामी होण्याआधी मातीचे नमुने घ्यायला लावा, शेजारचा एक तुकडा भुकटी न टाकता तसाच राखा, आणि नमुन्यांची एक पिशवी तारीख-गट नंबर लिहून स्वतःकडे ठेवा. आधीचा नमुना नसेल तर पुढं केलेल्या मोजणीची तुलना करायला काहीच उरत नाही.